सोने अंगावर, नाव कागदावर : स्त्री-मताधिकाराचे दागिने आणि धारवाडचा मुलूख

प्रस्तावना

धारवाडहून बेळगावकडे निघाले की पुणे–बंगळूर महामार्गालगत बेलूर हे गाव लागते. आज त्याची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. हासन जिल्ह्यातील होयसळ मंदिरांचे प्रसिद्ध बेलूर ते हे नव्हे. दोन्ही गावांचे नाव एक असले तरी त्यांचा राजकीय इतिहास वेगळा आहे. हासनचे बेलूर म्हैसूर संस्थानात होते, तर धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे धारवाड जिल्ह्यातील स्त्रियांना विधिमंडळाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क पहिल्यांदा मिळाला तो मुंबईच्या कायदेकौन्सिलने १९२१ मध्ये केलेल्या ठरावामुळे.

हा हक्क सर्व स्त्रियांना नव्हता. तो मालमत्तेवर आधारलेला होता. ग्रामीण भागात सर्वसाधारणपणे ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन ज्याच्या खात्यावर असेल त्यालाच मत होते. आता बेलूरसारख्या गावातील दोन स्त्रिया कल्पनेने डोळ्यांपुढे आणाव्यात. एकीच्या अंगावर चाळीस तोळे सोने आहे, पण तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. दुसरीच्या अंगावर मंगळसूत्र किंवा काळी पोत सोडली तर काही नाही, परंतु वडिलांकडून आलेली जमीन तिच्या नावे लागली आहे. १९२१ च्या नियमांप्रमाणे दुसरी स्त्री मतदार होऊ शकत होती, पहिली नाही. स्त्रीची सर्वांत मोठी आणि बहुधा एकमेव संपत्ती म्हणजे दागिना. आणि नेमकी हीच संपत्ती मताच्या हिशेबात धरली जात नव्हती.

त्याच काळात इंग्लंडमध्ये दागिना हे मताच्या मागणीचे साधन बनले होते. तेथील चळवळीतील स्त्रिया बिल्ले, ब्रोच आणि पदके अंगावर मिरवून आपली मागणी बोलून दाखवत होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, आणि त्यातून दख्खनमधील स्त्रीच्या, विशेषतः मुस्लिम स्त्रीच्या, मालमत्तेच्या इतिहासावर कोणता प्रकाश पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लंडनमधील चळवळीचे दागिने

इंग्लंडमध्ये एमेलिन पँखर्स्ट यांनी १९०३ मध्ये विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन ही संघटना स्थापन केली. १९०८ मध्ये या संघटनेच्या एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी जांभळा, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग चळवळीसाठी निश्चित केले. जांभळा प्रतिष्ठेचा, पांढरा पावित्र्याचा आणि हिरवा आशेचा, असा अर्थ त्यांनी सांगितला. २१ जून १९०८ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये झालेल्या प्रचंड सभेत हे रंग सर्वत्र दिसले. त्यानंतर पट्टे, फिती, टोप्या आणि दागिने यांत ते येऊ लागले. दुसऱ्या संघटनांचे रंग वेगळे होते. विमेन्स फ्रीडम लीग या संघटनेचे रंग हिरवा, पांढरा आणि सोनेरी होते. रंग पाहून कोणती स्त्री कोणत्या गटाची आहे हे ओळखता येत असे.

या दागिन्यांचे साधारणपणे तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार म्हणजे अगदी स्वस्त पत्र्याचे बिल्ले. एक पेनी किंमतीला ते सभांमध्ये विकले जात आणि गिरणीकामगार स्त्रीही ते घेऊ शकत असे. दुसरा प्रकार म्हणजे सराफी दुकानांतील दागिने. मॅपिन अँड वेब या लंडनच्या नामांकित पेढीने १९०९ च्या नाताळात चळवळीच्या रंगांतील दागिन्यांचे सूचीपत्र काढले होते. अर्नेस्टिन मिल्स यांच्यासारख्या मीनाकाम करणाऱ्या कारागीर स्त्रियांनीही चळवळीसाठी दागिने घडवले. तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. तो पैशाने विकत घेता येत नव्हता. तो तुरुंगवास भोगूनच मिळत असे.

या तिसऱ्या प्रकारात हॉलोवे ब्रोच येतो. हॉलोवे हा तेव्हा लंडनमधील स्त्रियांचा तुरुंग होता. ब्रोचचा आराखडा सिल्व्हिया पँखर्स्ट यांनी तयार केला. ब्रिटिश संसदेच्या चिन्हात असते तशी लोखंडी जाळीची फाटक, तिच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या साखळ्या, आणि मध्यभागी कैद्यांच्या कपड्यांवर छापला जाणारा बाण, अशी त्याची रचना. धातू चांदीचा आणि बाणावर चळवळीच्या तीन रंगांचे मीनाकाम. २९ एप्रिल १९०९ रोजी अल्बर्ट हॉलमधील सभेत सुटून आलेल्या स्त्रियांना हे ब्रोच देण्यात आले. सरकारने अपमानासाठी वापरलेले कैद्याचे चिन्ह स्त्रियांनी सन्मान म्हणून छातीवर लावले, हे त्यातील मर्म होय. त्याच वर्षी तुरुंगात उपोषणे सुरू झाली आणि उपोषण करणाऱ्यांना चांदीचे पदक देण्याची प्रथा पडली. नळी घालून सक्तीने अन्न दिले गेले असेल तर पदकाला जादा पट्टी जोडली जाई. अमेरिकेत ॲलिस पॉल यांच्या नॅशनल विमेन्स पार्टीने १९१७ मध्ये याच धर्तीवर तुरुंगाच्या दाराच्या आकाराची पिन काढली.

या विषयात एक सावधगिरी आवश्यक आहे. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात जांभळा ॲमेथिस्ट, हिरवा पेरिडॉट आणि पांढरा मोती असा कोणताही शंभर वर्षांपूर्वीचा दागिना दिसला की तो 'मताधिकार चळवळीचा दागिना' म्हणून चढ्या भावाने विकला जातो. ग्रीन, व्हाइट, व्हायोलेट या शब्दांच्या आद्याक्षरांतून 'गिव्ह विमेन व्होट्स' असा गुप्त संदेश तयार होतो, अशी कथाही सांगितली जाते. दागिन्यांच्या अभ्यासक एलिझाबेथ गोरिंग यांनी या दाव्यांची तपासणी केली आहे. हे तिन्ही खडे त्या काळी सर्वसाधारण फॅशनमध्येच होते. शिवाय चळवळीतील स्त्रियांना गुप्त संदेशाची गरज नव्हती; त्या तर आपले मत उघडपणे जाहीर करत होत्या. कारागिराचा शिक्का, भेट दिल्याची नोंद, जुने छायाचित्र किंवा मूळ मालकिणीचा कागद, यांपैकी काहीतरी असल्याशिवाय असा दावा मान्य करता येत नाही.

राजकन्येची अंगठी आणि श्रीनगरमधील बिल्ला

लंडनमधील ही चळवळ आणि मुंबई इलाखा यांना जोडणारा दुवा म्हणजे सोफिया दुलीपसिंग. महाराजा रणजितसिंग यांची ही नात १८७६ मध्ये इंग्लंडमध्येच जन्मली. राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात ती राहत असे. १८ नोव्हेंबर १९१० रोजी एमेलिन पँखर्स्ट यांच्यासोबत संसदेकडे गेलेल्या शिष्टमंडळात ती होती. त्या दिवशी पोलिसांनी स्त्रियांना केलेल्या मारहाणीमुळे तो दिवस 'ब्लॅक फ्रायडे' म्हणून ओळखला जातो.

सोफिया करप्रतिकार करणाऱ्या विमेन्स टॅक्स रेझिस्टन्स लीगचीही सदस्य होती. मत नाही तर कर नाही, ही या संघटनेची भूमिका. कुत्रे, घोडागाडी आणि नोकर ठेवण्याचा परवाना-कर तिने भरला नाही. १९११ मध्ये तिला दंड झाला. दंडही न भरल्यामुळे तिची सात हिऱ्यांची अंगठी जप्त करून लिलावात काढण्यात आली. पुन्हा १९१३ च्या अखेरीस दंड झाला आणि १३१ मोत्यांचा हार व मोती-हिरेजडित सोन्याची बांगडी जप्त झाली. प्रत्येक वेळी चळवळीतील मैत्रिणींनी लिलावात बोली लावून दागिना विकत घेतला आणि तिला परत केला. अशा लिलावाचीच सभा होत असे. जप्ती हा सरकारी बडगा, पण त्यातूनच प्रश्न जनतेपुढे येई : दागिना विकून कर वसूल करताना ती स्त्री मालक ठरते, मग मत देताना का ठरत नाही?

या घटनेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यापर्यंत लग्न झालेल्या स्त्रीची जंगम मालमत्ता सामान्यतः पतीची मानली जात होती. सोफिया अविवाहित होती आणि दागिने तिच्या स्वतःच्या नावाचे होते, म्हणून जप्तीची नोटीसही तिच्याच नावे आली.

याच सोफियाची भेट १९११ मध्ये श्रीनगर येथे मुंबईच्या हेराबाई टाटा यांच्याशी झाली. हेराबाईंची कन्या मिठान यांनी पुढे आठवणींत लिहिल्याप्रमाणे, सोफियाच्या अंगावर हिरव्या, पांढऱ्या आणि पिवळ्या रंगांचा छोटा बिल्ला होता आणि त्यावर स्त्रियांना मत हवे अशा अर्थाचे शब्द होते. रंगांवरून तो फ्रीडम लीगच्या रंगांशी जुळतो. हेराबाईंनी त्या बिल्ल्याविषयी विचारले, आणि तेथून त्या या विषयाकडे वळल्या. राजघराण्यातील रत्नांकडे कोणाचेही लक्ष जाईल. हेराबाईंचे लक्ष गेले ते एका क्षुल्लक किमतीच्या बिल्ल्याकडे.

मुंबई इलाख्यातील मताधिकार

पुढील घटना वेगाने घडल्या. १९१७ मध्ये मद्रासजवळ अड्यार येथे विमेन्स इंडियन असोसिएशन स्थापन झाली. १८ डिसेंबर १९१७ रोजी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना मद्रास येथे भेटले. त्यात ॲनी बेझंट, मार्गारेट कझिन्स, हेराबाई टाटा, डॉ. नागुताई जोशी (पुढे राणी लक्ष्मीबाई राजवाडे) आणि बेगम हसरत मोहानी होत्या. निशातुन्निसा बेगम या हसरत मोहानींच्या पत्नी; त्यांचा सहभाग हे दाखवतो की मुस्लिम स्त्री या मागणीच्या आरंभापासून पुढे होती.

मे १९१८ मध्ये विजापूर येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली. तेथे सरोजिनी नायडूंनी स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव मांडला. म्हणजे कर्नाटकाच्या याच भूमीत, धारवाडच्या शेजारच्या जिल्ह्यात, हा प्रश्न उघड सभेत आला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या विशेष अधिवेशनानेही त्याला पाठिंबा दिला. अध्यक्ष होते सय्यद हसन इमाम.

साउथबरो समितीने मात्र भारतीय समाज यासाठी तयार नाही असे म्हणून स्त्रियांना मत देण्याचे नाकारले. तेव्हा हेराबाई आणि मिठान १९१९ मध्ये लंडनला गेल्या आणि संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. अखेर १९१९ च्या कायद्याने हा निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोडला. मद्रासने १९२१ मध्ये पहिले पाऊल टाकले. त्याच वर्षी मुंबई कौन्सिलनेही तीन दिवसांच्या चर्चेनंतर ठराव संमत केला. पुण्यात सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांनी या कामी स्त्रियांचे मत संघटित केले होते. म्हैसूर संस्थानानेही १९२३ पर्यंत स्त्रियांना हा हक्क दिला. अशा रीतीने दोन राजवटींतील दोन्ही बेलूर गावांमध्ये स्त्रीच्या मताचा प्रश्न दोन-तीन वर्षांच्या अंतराने सुटला, निदान कागदावर.

कागदावर असे म्हणण्याचे कारण आकडेवारीत आहे. संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात १९१९ च्या कायद्याखालील स्त्री-मतदार सुमारे ३ लाख १५ हजार होत्या. पुरुष मतदारांच्या मानाने हे प्रमाण वीसास एक इतके होते. स्त्रीला मत देण्यास कायद्याची मनाई उरली नव्हती. तिच्या नावावर मालमत्ता नव्हती, ही खरी अडचण होती.

दागिना आणि खाते

या मुलखातील स्त्रीकडे संपत्ती नव्हती असे मात्र नाही. ती अंगावर होती. बोरमाळ, ठुशी, पुतळ्यांची माळ, वाकी, तोडे, बुगडी हे दागिने हिंदू घरांतून होते. दख्खनी मुस्लिम घरांतून काळ्या पोतीचा लच्छा, चंपाकली, करणफुले, झुमके, पाजेब अशी नावे ऐकू येतात. अनेक दागिने दोन्हीकडे सारखेच, आणि घडवणारा सोनारही एकच. माळेत गिन्न्या ओवण्याची पद्धतही होती. व्हिक्टोरियाचा मुखवटा असलेली गिन्नी गळ्यात घालणाऱ्या स्त्रीला त्या राणीच्या राज्यात मत नव्हते. आणि ती राणी स्वतःही स्त्रियांच्या हक्कांच्या मागणीला विरोध करणारी होती.

या दागिन्यांचे कायदेशीर स्थान स्पष्ट होते. हिंदू कायद्यात ते स्त्रीधन. मुस्लिम कायद्यात तर स्त्रीची मालमत्ता लग्नाने पतीकडे जातच नाही. मेहेर हा तिचा स्वतःचा हक्क. तो तात्काळ द्यायचा की मागाहून, हे निकाहाच्या वेळी ठरते. आईवडील आणि नातलगांच्या मागे राहिलेल्या संपत्तीत, ती थोडी असो वा फार, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा असल्याचे सूरह अन-निसामध्ये सांगितले आहे. म्हणजे इंग्रज विवाहित स्त्रीला जे १८८२ मध्ये मिळाले ते मुस्लिम स्त्रीला तेरा शतके तत्त्वतः मिळालेले होते. तरी १९२१ मध्ये मतदारयादीत तिचे नाव अपवादानेच आढळावे, हे कोडे उकलणे आवश्यक आहे.

त्याचे उत्तर मालमत्तेच्या प्रकारात सापडते. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत होती. प्रत्येक जमिनीचा सारा ठरलेला असे आणि तो ज्याच्या नावे भरला जाई तो खातेदार. सरकारला जमीन दिसत होती, सारा दिसत होता, नाव दिसत होते. सोने सरकारला दिसत नव्हते. ते डब्यात असे, गळ्यात असे, अडीअडचणीला सराफाकडे गहाण पडे, मोडले जाई, पुन्हा घडवले जाई. त्याची कोठे नोंद नसे आणि त्यावर वार्षिक कर नसे. मताचा हक्क कराशी जोडला गेल्यावर ज्या संपत्तीवर कर नाही ती हिशेबाबाहेर गेली. सोफियाच्या दागिन्यांचा लिलाव होऊ शकला तो तिच्या नावे कर लागत होता म्हणून. बेलूरच्या स्त्रीच्या नावे करच नव्हता.

याला घरातील व्यवहाराची जोड होती. लग्नात मुलीला दागिने घातले म्हणजे तिचा हिस्सा दिला गेला, अशी समजूत अनेक घरांत रूढ होती आणि आजही पूर्णपणे गेलेली नाही. भावाच्या नावे जमीन लागे, बहिणीच्या अंगावर सोने येई. बहीण हक्कसोड लिहून देई किंवा न लिहिताच गप्प राही. दागिना ही माहेरची माया होती, पण वारसाहक्काचा हिस्सा ही मायेची बाब नसून हक्काची आहे. दागिन्याच्या बदल्यात बहिणीने जमिनीतील नाव सोडले, आणि १९२१ नंतर त्या नावासोबत मतही गेले.

१९३७ चा शरियत कायदा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रूढीमुळे मुस्लिम मुलींचा वारसा डावलला जाऊ नये हा त्यामागील एक महत्त्वाचा हेतू होता आणि स्त्रियांच्या संघटनांनी त्याचे स्वागत केले होते. पण त्या कायद्यातून शेतजमीन वगळण्यात आली. कारण १९३५ च्या कायद्याप्रमाणे शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतील विषय होता. मताच्या हक्काशी सर्वांत जवळून जोडलेली मालमत्ता नेमकी बाहेर राहिली.

दागिने देण्याची चळवळ

हिंदुस्थानात दागिन्याने राजकारणात एक निराळी भूमिकाही बजावली. इंग्लंडमध्ये स्त्रिया दागिना लावून बोलल्या. येथे त्या दागिना उतरवून बोलल्या. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचे उद्दिष्ट होते आणि स्त्रियांनी सभांमध्ये बांगड्या, अंगठ्या, हार काढून दिले. अली बंधूंच्या मातोश्री आबादी बानो बेगम, म्हणजे सर्वांच्या बी अम्मा, यांनी उतारवयात देशभर फिरून खिलाफत आणि स्वराज्यासाठी स्त्रियांना जागे केले. १९३४ मध्ये मलबारातील वडकरा येथे कौमुदी नावाच्या तरुण मुलीने सभेतच आपले सर्व दागिने गांधीजींच्या हाती दिले आणि पुन्हा दागिने न घालण्याचा निश्चय केला.

या त्यागाचे मोल मोठे आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. दागिना दिल्याने स्त्रीला सन्मान मिळाला, स्तुती मिळाली, चळवळीत स्थान मिळाले. मतदारयादीत नाव मिळाले नाही. हॉलोवे ब्रोच हा मागणीचा दागिना होता, तर टिळक फंडातील बांगडी ही दानाची होती. दोन्हींना सारखे मानल्यास हक्क आणि त्याग यांची गल्लत होते, आणि स्त्रियांच्या बाबतीत ती गल्लत फार वेळा झाली आहे.

शरीफा हमीद अली आणि निकाहनाम्याचा मसुदा

या दोन्ही प्रश्नांचा, मताचा आणि मालमत्तेच्या नोंदीचा, एकत्र विचार करणारी व्यक्ती मुंबई इलाख्यातच होती. शरीफा हमीद अली या अब्बास तय्यबजी यांच्या कन्या आणि सनदी अधिकारी हमीद अली यांच्या पत्नी. १९२७ मध्ये पुण्याला बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय महिला परिषदेची स्थापना झाली. शरीफा बेगम त्या परिषदेच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक झाल्या. १९३३ मध्ये राजकुमारी अमृत कौर आणि डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासह त्यांनी लंडनला संसदीय समितीपुढे साक्ष दिली. प्रौढ मताधिकार हवा, आणि स्त्रियांच्या जागांची धर्माप्रमाणे वाटणी नको, ही महिला परिषदेची भूमिका त्यांनी मांडली.

१९३५ च्या कायद्याने यापेक्षा वेगळा मार्ग घेतला. मालमत्तेची अट खाली आली, साक्षर स्त्रीला मत मिळाले आणि पतीच्या मालमत्तेच्या आधारावर पत्नीलाही मत मिळाले. स्त्री-मतदारांची संख्या ६० लाखांवर गेली. मुंबईच्या विधानसभेत १७५ पैकी ६ जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या, त्यांपैकी १ मुस्लिम स्त्रीसाठी. संख्येच्या दृष्टीने ही मोठी वाढ होती. परंतु पतीमुळे मिळणारे मत हे उसने मत आहे, स्त्री स्वतंत्र नागरिक म्हणून मत मागत आहे, असा संघटनांचा आक्षेप होता.

शरीफा बेगमांचे दुसरे काम याच्याशी सुसंगत आहे. त्यांनी निकाहनाम्याचा एक नमुना-मसुदा तयार केला, जेणेकरून लग्नाच्या वेळीच स्त्रीचे हक्क लेखी स्वरूपात यावेत. निकाह हा करार आहे आणि करार लिहिता येतो, या मूळ तत्त्वाचाच तो वापर होता. दागिन्यावर मालकिणीचे नाव नसते, निकाहनाम्यावर असते. अंगावर घातलेला हार मेहेरचा, भेटीचा की केवळ मिरवण्यासाठी सासरने दिलेला, हे पुढे वाद झाला तर कागदच सांगू शकतो. मतदारयादी आणि निकाहनामा या दोन्ही ठिकाणी त्यांना एकच गोष्ट हवी होती : स्त्रीचे स्वतःचे नाव.

नावाचा प्रश्न : १९५१-५२

स्वतंत्र भारतात प्रौढ मताधिकार आला आणि मालमत्तेची अट संपली. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक अनपेक्षित अडचण आली. देशातील सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच त्यांनी सांगितले. या स्त्रिया मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातील होत्या. अशी नावे यादीतून वगळावी लागली. आता खाते लागत नव्हते, सारा लागत नव्हता, फक्त नाव लागत होते. आणि २८ लाख स्त्रियांचे मत त्या एका कारणाने गेले.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन वर्गात स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास बहुधा दोन-तीन तारखांत आटोपला जातो. विद्यार्थिनींच्या घरातील वस्तूंपासून सुरुवात केली तर तो अधिक जवळचा होईल. आजीच्या दागिन्याचे छायाचित्र, जुना निकाहनामा, जमिनीचा उतारा आणि मतदारयादीतील पान, ही चार साधने शेजारी ठेवली तर प्रत्येकातील स्त्रीचे स्थान आपोआप दिसू लागते. दागिन्यात ती आहे पण तिचे नाव नाही. निकाहनाम्यात नाव आहे, मेहेरच्या रकान्यात आकडा आहे. उताऱ्यावर आजीचे नाव कधी लागले, की लागलेच नाही? मतदारयादीत ते कोणत्या वर्षी प्रथम आले? मूळ कागद घरीच राहू द्यावेत, नक्कल पुरते. आणि कुटुंबाची संमती अर्थातच घ्यावी.

दागिन्याचा काळ ठरवताना गोरिंग यांची कसोटी येथेही लावावी. माळेत १८८७ ची गिन्नी असेल तर माळ १८८७ पूर्वीची नाही एवढेच सिद्ध होते. ती त्यानंतर कितीही वर्षांनी ओवलेली असू शकते. हा हार खिलाफतीच्या सभेत आजीने दिला आणि परत मिळाला, अशी कथा घरात असल्यास ती आदराने टिपावी, पण पावती, पत्र किंवा तत्कालीन बातमी मिळेपर्यंत तिला कथाच म्हणावे. सोने मोडले आणि नव्याने घडवले जाते, त्यामुळे जुने दागिने दुर्मिळ होत आहेत. मोडण्यापूर्वी छायाचित्र काढून वजन, नाव आणि कोणाकडून आला ही माहिती लिहून ठेवणे, एवढे तरी प्रत्येक घराला शक्य आहे.

समारोप

हॉलोवे ब्रोचमध्ये चांदी थोडीच होती आणि श्रीनगरमध्ये हेराबाईंनी पाहिलेल्या बिल्ल्याची किंमत तर नगण्य. तरी त्या वस्तूंनी इतिहासात जागा मिळवली, कारण त्या लावणारी स्त्री स्वतःच्या वतीने काही मागत होती. धारवाडच्या मुलखात तोळ्यांनी सोने स्त्रियांच्या अंगावर होते. त्याने संसार तारले, मुले शिकवली, दुष्काळात घर जगवले. त्याचे हे ऋण नाकारता येत नाही. पण त्या सोन्याने मत मिळाले नाही, कारण सत्ता ओळखत होती ती नोंदीला.

मालमत्तेची अट जाऊन आता पाऊणशे वर्षे होत आली. तथापि लग्नात दागिना देऊन हिस्सा संपवण्याचा व्यवहार अनेक घरांत चालू आहे, आणि मेहेरचा रकाना घाईघाईत नाममात्र रकमेने भरला जातो. विद्यार्थिनीला आपल्या आजीचे नाव कोणत्या कागदावर सापडते आणि कोणत्या कागदावर सापडत नाही, हे शोधायला शिकवणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे. स्वतःचे नाव कोठे यायला हवे, हे त्यानंतर तिला कोणी सांगावे लागणार नाही.